अवटु ग्रंथीचे विकार आणि समदुःखितांचा आधार

सकाळी उठल्यावर, चहाच्याही आधी, पाण्याच्या घोटाबरोबर एक बारीक गोळी घेणारी माणसे आज भारतातल्या बहुतेक शहरांत आणि पुष्कळ खेड्यांतही आढळतात. त्यांत स्त्रियांची संख्या पुरुषांपेक्षा कितीतरी अधिक असते. त्या गोळीतील मूळ औषध जेमतेम मिलिग्रॅमच्या दहाव्या हिश्श्याएवढे असते. परंतु शरीराची ऊब, हृदयाची गती, पचन, स्मरणशक्ती व मनाचा उत्साह ही सर्व तेवढ्याशा द्रव्यावर अवलंबून असतात. हे द्रव्य म्हणजे थायरॉक्सिन होय. निरोगी माणसाच्या गळ्यातील अवटु ग्रंथी ते आपणहून तयार करीत असते. व्यवहारात या ग्रंथीला सर्वजण थायरॉइड म्हणतात.

दीर्घकाळ सोबत करणाऱ्या ज्या थोड्या विकारांवर वैद्यकाला नेमका आणि स्वस्त उपाय सापडला आहे, त्यांत या ग्रंथीच्या विकारांची गणना होते. असे असूनही अनेक रुग्ण वर्षानुवर्षे कष्टी राहतात. याचे एक मुख्य कारण असे की, या ग्रंथीचा बहुतेक कारभार संथ आहे. तिचा विकार हळूहळू जडतो, औषधाचा गुण हळूहळू येतो आणि औषध सोडल्याचा दुष्परिणामही हळूहळूच दिसतो. हा संथ काळ एकट्याने काढणे कठीण जाते. अशा वेळी डॉक्टरांच्या ज्ञानाइतकीच, त्याच वाटेने आधी गेलेल्या माणसाची सोबतही उपयोगी पडते. ही सोबत का लागते, ती कोठवर उपकारक ठरते आणि तिने कोठे थांबले पाहिजे, हे समजण्यासाठी प्रथम या ग्रंथीची ओळख करून घेणे अवश्य आहे.

ग्रंथी आणि तिचे कार्य

गळ्याच्या पुढच्या भागात, कंठमण्याच्या खाली, श्वासनलिकेला बिलगून ही ग्रंथी असते. उजवीकडे एक व डावीकडे एक असे तिचे दोन खंड असून मध्ये एक अरुंद पूल त्यांना जोडतो. त्यामुळे तिचा आकार पंख पसरलेल्या फुलपाखरासारखा दिसतो. प्रौढ माणसात तिचे वजन साधारणपणे १५ ते २५ ग्रॅम भरते. लाळेच्या ग्रंथींना असते तशी नळी तिला नसते. आपला स्राव ती थेट रक्तात सोडते. म्हणून तिला अंतःस्रावी ग्रंथी म्हणतात आणि तिच्या स्रावाला हॉर्मोन म्हणतात.

ही ग्रंथी मुख्यतः दोन हॉर्मोने तयार करते. पहिले थायरॉक्सिन, त्याच्या रेणूत आयोडीनचे चार अणू असतात, म्हणून तपासणीच्या कागदावर ते ‘टी-४’ असे लिहिले जाते. दुसऱ्याच्या रेणूत आयोडीनचे तीन अणू असतात व ते ‘टी-३’ या नावाने ओळखले जाते. ग्रंथीतून बाहेर पडते ते बहुतांशी पहिलेच. शरीरातील निरनिराळी इंद्रिये त्यातील एक अणू काढून त्याचे दुसऱ्यात रूपांतर करतात आणि पेशींवर प्रत्यक्ष कार्य करते ते हे दुसरे हॉर्मोन. चुलीतील लाकडे पुढेमागे सारून गृहिणी जाळ कमीजास्त करते, त्याप्रमाणे प्रत्येक पेशीत अन्नापासून किती ऊर्जा निर्माण व्हावी याचे प्रमाण ही हॉर्मोने राखतात.

अवटु ग्रंथीवर देखरेख असते ती मेंदूच्या तळाशी असणाऱ्या पोष ग्रंथीची. रक्तातील थायरॉक्सिन कमी झाले की पोष ग्रंथी ‘टी. एस. एच.’ नावाचे उद्दीपक हॉर्मोन अधिक सोडते आणि अवटु ग्रंथीला कामाला लावते; थायरॉक्सिन पुरेसे झाले की ती आपला हात आखडता घेते. ही व्यवस्था ध्यानात न आल्याने तपासणीचा कागद हाती पडलेले अनेक रुग्ण गोंधळतात. टी. एस. एच. वाढलेले आहे असे वाचून आपली ग्रंथी जोरात चालली असावी असे त्यांना वाटते. वस्तुस्थिती बहुधा उलट असते. मुकादमाला आवाज चढवावा लागला, याचा अर्थ मजुरांचे काम मंदावले आहे.

आयोडीन, गलगंड आणि कांग्रा खोरे

आयोडीन नसेल तर ही हॉर्मोने तयार होऊच शकत नाहीत. प्रौढ माणसाला दररोज सुमारे १५० मायक्रोग्रॅम, म्हणजे मिलिग्रॅमच्या सातव्या हिश्श्याएवढे आयोडीन लागते. गर्भवतीला ते २५० मायक्रोग्रॅमपर्यंत लागते. सत्तर वर्षांच्या आयुष्यात लागणारे सर्व आयोडीन एकत्र केले तरी त्याचे वजन चार ग्रॅमही होणार नाही. परंतु हे अत्यल्प द्रव्य मिळाले नाही तर ग्रंथी पोष ग्रंथीच्या सततच्या तगाद्याने फुगत जाते व गळ्यावर गाठ दिसू लागते. हाच गलगंड होय. सुश्रुतसंहितेत त्याचे वर्णन आढळते. अर्थात हा विकार या देशाला फार जुन्या काळापासून परिचित आहे. १८११ साली फ्रान्समध्ये बर्नार कूर्त्वा यांना समुद्रवनस्पतींच्या राखेत आयोडीन सापडले आणि पुढे १८२० मध्ये जिनिव्हाचे वैद्य झाँ फ्रान्स्वा क्वांदे यांनी ते गलगंडावर वापरून पाहिले.

डोंगराळ मुलखात आणि मोठ्या नद्यांच्या पूरप्रदेशात पाऊस व प्रवाह जमिनीतील आयोडीन धुऊन नेतात. तेथील धान्यात, भाजीपाल्यात व जनावरांच्या दुधातही मग ते पुरेसे उतरत नाही. हिमालयाच्या पायथ्याचा प्रदेश यामुळेच गलगंडासाठी कुप्रसिद्ध होता. त्या प्रदेशातील कांग्रा खोऱ्यात १९५६ साली डॉ. वुलिमिरी रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग आरंभिला. सुमारे एक लाख वस्तीचे तीन विभाग पाडण्यात आले. दोन विभागांना आयोडीनयुक्त मीठ आणि तिसऱ्याला तुलनेसाठी साधे मीठ पुरविण्यात आले. १९६२ पर्यंत पहिल्या दोन विभागांत गलगंडाचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. तिसऱ्यात ते होते तेथेच राहिले. पुढे त्या विभागालाही आयोडीनयुक्त मीठ मिळू लागले आणि तेथेही तोच गुण दिसून आला. १९६२ मध्येच भारत सरकारने राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम हाती घेतला. आयोडीनच्या अभावाने केवळ गळा सुजतो असे नव्हे, तर गर्भाच्या मेंदूची वाढही खुंटते, हे स्पष्ट झाल्यावर १९९२ साली त्या कार्यक्रमाचे नाव बदलून त्यात आयोडीनच्या अभावामुळे होणाऱ्या सर्व विकारांचा समावेश करण्यात आला.

कांग्राच्या प्रयोगातून आणखीही एक गोष्ट दिसून आली. एकेका रुग्णाला स्वतंत्रपणे औषध देऊन जे साधले नसते, ते सबंध खोऱ्याच्या स्वयंपाकघरांतील मीठ बदलल्याने साधले. अवटु ग्रंथीचे आरोग्य हे केवळ त्या त्या व्यक्तीचे खाजगी प्रकरण नसून शेजारीपाजारी, बाजार व शासन या सर्वांचा त्यात वाटा असतो. घरोघरी एवढे पथ्य मात्र पाळले पाहिजे की, आयोडीनयुक्त मीठ झाकणाच्या कोरड्या बरणीत ठेवावे आणि उन्हात वा ओलीत उघडे टाकू नये.

ग्रंथी मंदावते तेव्हा

मिठाने एक कारण दूर होते. सर्व कारणे दूर होत नाहीत. पुरेसे आयोडीन मिळत असूनही अनेकांची ग्रंथी मंदावते. १९१२ साली जपानी शल्यचिकित्सक हाकारू हाशिमोटो यांनी चार स्त्रियांच्या शस्त्रक्रियेत काढलेल्या ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या, तेव्हा त्यांत पांढऱ्या पेशींची दाटी झालेली दिसली. रोगजंतूंवर धावून जाणारी शरीराची संरक्षक व्यवस्था येथे आपल्याच ग्रंथीला परकी समजून तिच्यावर हल्ला करते, हे पुढील काळातील संशोधनाने दाखवून दिले. हा विकार त्याच शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जातो. तो स्त्रियांत पुष्कळ अधिक आढळतो आणि कुटुंबात एकीला असेल तर आई, बहीण, मुलगी यांपैकी दुसऱ्या कोणाला होण्याचा संभव वाढतो.

मंदावलेल्या ग्रंथीची लक्षणे एकेकटी घेतली तर क्षुल्लक वाटतात. थकवा येतो. इतरांपेक्षा अधिक थंडी वाजते. कातडी कोरडी पडते, केस गळतात, शौचास साफ होत नाही. आवाज जड होतो. भूक बेताची असूनही वजन थोडे वाढते. मासिक पाळीत अंगावरून अधिक जाते. माणसांची नावे आठवत नाहीत, मन उदास राहते. ही लक्षणे एका दिवसात येत नाहीत. महिनोमहिने एकेक करून गोळा होतात. शाळेत शिकविणारी एखादी बाई पूर्वी चार तास उभी राहून शिकवीत असे, ती आता खुर्ची शोधू लागते. वह्या तपासण्याचे काम साचते. घरी येताच ती आडवी होते. सासू म्हणते, ‘हल्ली हिला कामाचा कंटाळा आला आहे.’ पती म्हणतो, ‘वय झाले, चालायचेच.’ शेजारीण म्हणते, ‘बाळंतपणानंतर असे होतेच.’ आणि सर्वांत वाईट गोष्ट अशी की, काही काळाने ती स्वतःही आपल्याला आळशी समजू लागते.

रोगाचा हा फसवेपणा जुन्या वैद्यांच्याही नजरेस आला होता. १८७३ मध्ये लंडनचे सर विल्यम गल यांनी मध्यम वयाच्या स्त्रियांत दिसणाऱ्या या अवस्थेचे वर्णन केले. चेहऱ्याची सूज व हालचालींचा मंदपणा यांबरोबरच मनाला येणारी सुस्तीही त्यांनी नोंदविली. १८७८ मध्ये विल्यम ऑर्ड यांनी तिला ‘मिक्सिडीमा’ हे नाव दिले. आज रक्ताच्या एका साध्या तपासणीने तिचे निदान होते. पण ती तपासणी करून घ्यावी हे सुचण्यासाठी आधी तक्रारीवर कोणीतरी विश्वास ठेवावा लागतो. याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. प्रत्येक थकव्याचे मूळ गळ्यात नसते. पंडुरोग, अपुरी झोप, मधुमेह किंवा मनावरचा आघात यांनीही माणूस असाच गळून जातो. म्हणून केवळ लक्षणांवरून निदान करणे योग्य नव्हे.

ग्रंथी अति वेगाने चालते तेव्हा

काहींच्या बाबतीत याच्या उलट घडते. १८३५ मध्ये डब्लिनचे रॉबर्ट ग्रेव्हज यांनी आणि १८४० मध्ये जर्मनीतील कार्ल फॉन बाझेडो यांनी वर्णिलेल्या विकारात ग्रंथी गरजेपेक्षा फार अधिक हॉर्मोन तयार करते. भूक लागूनही वजन घटते, छाती धडधडते, हात कापतात, उकाडा सोसत नाही, झोप उडते व स्वभाव चिडका बनतो. काहींचे डोळे पुढे आल्यासारखे दिसतात. येथेही लोक रोगाला दोष न देता स्वभावालाच दोष देतात. ग्रंथीचा वेग आवरणारी औषधे, किरणोत्सर्गी आयोडीन व शस्त्रक्रिया हे यावरील तीन मार्ग आहेत. यांपैकी किरणोत्सर्गी आयोडीनचा रुग्णांवर उपयोग प्रथम १९४१ साली अमेरिकेत बॉस्टन येथे करण्यात आला. शेवटच्या दोन मार्गांनंतर ग्रंथी पुष्कळदा कायमची मंदावते आणि रुग्णाला मग थायरॉक्सिन घ्यावे लागते. डोळ्यांवर परिणाम झालेल्यांनी धूम्रपान सोडणे फार महत्त्वाचे आहे, कारण त्याने डोळ्यांचा विकार बळावतो.

मेंढ्यांच्या ग्रंथीपासून आजच्या गोळीपर्यंत

मंदावलेल्या ग्रंथीवरील उपायाचा इतिहास वाचनीय आहे. १८९१ साली इंग्लंडातील न्यूकॅसल येथे जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरांनी मिक्सिडीमाने जर्जर झालेल्या ४६ वर्षांच्या एका स्त्रीला मेंढीच्या अवटु ग्रंथीचा अर्क टोचला. काही आठवड्यांतच तिची सूज उतरली, बोलणे सुधारले व ती हिंडूफिरू लागली. पुढे हा अर्क तोंडावाटे देता येतो असे आढळले. ती स्त्री त्यानंतर २८ वर्षे जगली आणि १९१९ मध्ये, ७४ वर्षांची होऊन, वारली. तेवढ्या काळात तिच्या औषधासाठी आठशेहून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या.

अर्कातील नेमके कार्यकारी द्रव्य कोणते, हा प्रश्न पुढे होता. अमेरिकेत एडवर्ड केंडल यांनी २५ डिसेंबर १९१४ रोजी ते स्फटिकरूपात वेगळे केले. १९२६ मध्ये इंग्लंडातील चार्ल्स हॅरिंग्टन यांनी त्याची रचना ठरविली आणि पुढच्याच वर्षी जॉर्ज बार्जर यांच्यासह ते प्रयोगशाळेत तयार करून दाखविले. आजची गोळी अशा कृत्रिम रीतीने बनविलेल्या थायरॉक्सिनची असते. रेणूच्या दृष्टीने ते शरीरातील थायरॉक्सिनहून जराही वेगळे नसते. दररोज १०० मायक्रोग्रॅम घेणाऱ्या माणसाला एक ग्रॅम थायरॉक्सिन सत्तावीस वर्षे पुरते. जे द्रव्य शरीराला मुळातच हवे आहे व कमी पडत आहे तेच ही गोळी पुरविते. म्हणून तिला व्यसन समजणे किंवा तिच्या ‘उष्णते’ची धास्ती घेणे निराधार आहे.

गोळी आणि सहा आठवडे

ही गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यावी आणि त्यानंतर अर्धा ते एक तास चहा, दूध वा न्याहारी घेऊ नये. लोह व कॅल्शियम यांच्या गोळ्या तिचे शोषण रोखतात. म्हणून त्यांच्यात व हिच्यात चार तासांचे अंतर ठेवावे. भारतात गर्भवती स्त्रियांना या दोन्ही गोळ्या दिल्या जातात. त्यामुळे ही सूचना त्यांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. केसांसाठी म्हणून घेतल्या जाणाऱ्या बायोटिनच्या गोळ्यांनी काही रक्ततपासण्यांचे आकडे चुकतात. तपासणीपूर्वी त्या चालू असल्याचे डॉक्टरांना सांगावे. वृद्धांना व हृदयविकार असलेल्यांना औषध थोड्या प्रमाणात सुरू करून सावकाश वाढवावे लागते.

या औषधाचा स्वभाव मात्र नीट समजून घेतला पाहिजे. डोकेदुखीची गोळी तासाभरात उतार देते. थायरॉक्सिनचे तसे नाही. रक्तातील थायरॉक्सिन निम्मे होण्यास सुमारे सात दिवस लागतात. म्हणून मात्रा बदलली की नवे प्रमाण स्थिर होण्यास पाच-सहा आठवडे जातात आणि त्यानंतरच पुन्हा रक्त तपासण्यात अर्थ असतो. रुग्णाची खरी परीक्षा होते ती याच काळात. पंधरा दिवस गोळी घेऊनही अंगात त्राण येत नाही, असे पाहून कोणी ती सोडून देतो. उलट, बरे वाटू लागल्यावर आता गरज उरली नाही असे समजूनही अनेकजण ती थांबवितात. थांबविल्यावर पहिल्या आठवड्यात काहीच बिघडत नाही आणि त्यामुळे त्यांचा समज अधिकच पक्का होतो. दोन-तीन महिन्यांनी जुना थकवा परत येतो, तेव्हा त्याचा संबंध सोडलेल्या गोळीशी जोडणे कोणालाही सुचत नाही.

समदुःखितांचा आधार

डॉक्टर हे सर्व सांगू शकतात व चांगले डॉक्टर ते सांगतातही. परंतु सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात रांग लांब असते आणि प्रत्येकाच्या वाट्याला काही मिनिटेच येतात. तेवढ्या वेळात मात्रा ठरते. मनातील भीती बोलून दाखविण्यास अवसर मिळत नाही. ज्याचे जळते त्याला कळते, अशी म्हण आहे. ‘मलाही चौथ्या आठवड्यापर्यंत काही फरक वाटला नव्हता, पाचव्यात जिना चढताना तो जाणवला,’ असे एखाद्या रुग्ण स्त्रीने दुसरीला सांगितले तर त्या वाक्याला जे वजन येते, ते छापील सूचनेला येत नाही. आपण आळशी नव्हतो, आजारी होतो, हे दुसऱ्या रुग्णाच्या तोंडून ऐकल्यावर मनावरचा मोठा भार उतरतो.

या अनुभवाला संस्थेचे रूप देण्याचा एक आरंभीचा प्रयत्न कॅनडात झाला. ऑन्टारियो प्रांतातील किंग्स्टन येथे १९८० साली डायना मेल्ट्झर अब्राम्स्की यांनी ‘थायरॉइड फाउंडेशन ऑफ कॅनडा’ ही रुग्णांची संस्था स्थापन केली. त्यांना स्वतःला या विकाराचा अनुभव होता. रुग्णांना सोप्या भाषेत माहिती देणे, त्यांच्या गाठीभेटी घडवून आणणे आणि संशोधनास साहाय्य करणे ही कामे संस्थेने अंगावर घेतली. ब्रिटनमध्ये १९९१ साली अशीच संस्था निघाली आणि १९९५ मध्ये निरनिराळ्या देशांतील रुग्णसंस्थांचा एक आंतरराष्ट्रीय संघही अस्तित्वात आला. या कामात रुग्णांनी डॉक्टरांचे साहाय्य घेतले, पण आपला अनुभव आपणच सांगण्याचा अधिकार सोडला नाही.

अशा आधाराला मर्यादाही आहेत. शेजारणीला १२५ मायक्रोग्रॅमची गोळी मानवली, म्हणून ती दुसरीला मानवेल असे नाही. वजन, वय, हृदयाची स्थिती, गर्भारपण या सर्वांवर मात्रा अवलंबून असते. आपली गोळी दुसऱ्यास देणे किंवा वजन उतरविण्यासाठी थायरॉक्सिन घेणे धोक्याचे आहे. आयोडीनचा जादा पुरवठा करणारी चूर्णे व समुद्रवनस्पतींच्या गोळ्या यांनी बिघडलेली ग्रंथी अधिक बिघडू शकते. कोबी व फ्लॉवर यांविषयीची भीती मात्र अतिरंजित आहे. शिजवून बेताने खाल्ल्यास औषध घेणाऱ्या रुग्णाला त्यांपासून अपाय होत नाही. गळ्यातील गाठ झपाट्याने वाढणे, आवाज बसून राहणे, गिळताना वा श्वास घेताना अडणे, तसेच ग्रंथीचा वेग आवरणारी औषधे चालू असताना ताप येऊन घसा दुखणे, अशा लक्षणांत सोबत्यांचा सल्ला न घेता तत्काळ डॉक्टरांकडे जावे.

वाचनालयातील मंडळ

अशा मंडळासाठी मोठ्या निधीची गरज नसते. सार्वजनिक वाचनालयाची एक खोली आणि महिन्यातून एक दुपार एवढ्यावर ते चालू शकते. आठ-दहा माणसे जमली तरी पुरे. प्रत्येकाने एक वही ठेवावी व तीत तपासणीची तारीख, टी. एस. एच.चा आकडा, गोळीची मात्रा आणि प्रकृतीत जाणवलेला फरक यांची नोंद करावी. विकार संथ असल्यामुळे स्मरणावर विसंबणे बरे नव्हे. सहा महिन्यांपूर्वी आपण कसे होतो हे वहीच खरे सांगते, आणि डॉक्टरांपुढे मिळालेल्या मोजक्या मिनिटांचाही तिच्यामुळे चांगला उपयोग होतो.

मंडळाने चार नियम पाळावेत. एकजण बोलत असता इतरांनी ऐकावे. कोणी कोणाला मात्रा सुचवू नये. तेथे कोणतीही वस्तू वा औषध विकू नये. आणि तेथे बोललेली गोष्ट बाहेर जाऊ नये. वर्षातून एक-दोनदा एखाद्या डॉक्टरांना बोलावून सर्वांच्या प्रश्नांची यादी त्यांच्यापुढे ठेवावी. नव्याने आलेल्या रुग्णाला जुन्यांपैकी एकाने सोबती व्हावे आणि पहिल्या सहा आठवड्यांत दोन-तीनदा त्याची विचारपूस करावी. गोळी सोडण्याचा मोह याच काळात अधिक असतो हे वर आलेच आहे.

घर, विवाह आणि शाळा

या विकाराभोवती आपल्या समाजात जी लपवाछपवी चालते ती सर्वांत घातक होय. मुलीचे लग्न जमण्यात अडचण येईल या भीतीने कित्येक घरांत तिची गोळी गुप्त ठेवली जाते. सासरी गेल्यावर ती उघडपणे घेता येत नाही व हळूहळू सुटते. पुढे दिवस राहतात. गर्भाची स्वतःची ग्रंथी पहिल्या तीन महिन्यांत काम करू लागलेली नसते. तोपर्यंत त्याच्या मेंदूच्या वाढीला लागणारे थायरॉक्सिन सर्वस्वी आईकडूनच येते. म्हणून आधीपासून औषध घेणाऱ्या स्त्रीने दिवस गेल्याचे कळताच डॉक्टरांकडे जावे. बहुतेकींची मात्रा त्या काळात पाव ते निम्म्या हिश्श्याने वाढवावी लागते. एका खोट्या लाजेची किंमत अशा रीतीने न जन्मलेल्या मुलाला मोजावी लागते. योग्य उपचार चालू असलेली स्त्री इतर कोणत्याही स्त्रीप्रमाणे संसार करू शकते आणि निरोगी मुलांना जन्म देऊ शकते, हे दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांनी समजून घेतले पाहिजे.

काही बालके जन्मतःच मंद ग्रंथीची किंवा ग्रंथीविना येतात. पहिल्या काही दिवसांत ती अगदी इतर बालकांसारखी दिसतात. लक्षणे उघड होईपर्यंत मेंदूची हानी होऊन गेलेली असते. कॅनडातील क्वेबेक येथे झाँ द्युसो यांनी १९७० नंतरच्या दशकात, नवजात बालकाच्या टाचेतून टिपकागदावर घेतलेल्या रक्ताच्या थेंबावरून हा विकार ओळखण्याची रीत सिद्ध केली. जन्मानंतर पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू झाल्यास अशा मुलाच्या बुद्धीची वाढ बहुधा यथास्थित होते. प्रसूतीच्या वेळी ही तपासणी उपलब्ध आहे काय, हे आईबापांनी अवश्य विचारावे.

शाळेतील शिक्षकांनाही येथे मोठे कार्य करता येईल. एखाद्या मुलाची उंची दोन वर्षांत फारशी वाढली नाही, ते सुस्त राहू लागले, हुशार असूनही मागे पडू लागले, तर त्याला ‘मठ्ठ’ म्हणून मागच्या बाकावर बसविण्यापूर्वी पालकांना बोलावून रक्ततपासणी सुचवावी. शाळेत दर सहा महिन्यांनी उंची व वजन यांची नोंद होत असेल तर हा फरक डोळ्यांतून सुटत नाही.

कांग्रा खोऱ्यात मिठाचा गुण दिसण्यास पाच-सहा वर्षे लागली आणि तेवढा काळ तेथील कुटुंबांनी धीर धरला. रुग्णाच्या गोळीला सहा आठवडे पुरतात. तेवढे दिवस घरच्यांनी तिच्या तक्रारीवर विश्वास ठेवावा, एखाद्या अनुभवी रुग्णाने तिची विचारपूस करावी आणि सकाळची गोळी उघडपणे, चहाच्या कपबशीजवळ ठेवता यावी, एवढी सोय प्रत्येक घरात झाली पाहिजे.